इंदुबाईनं झाकलेला पाऊस

मी तोंडाळ आहे हे कुणी मला नव्यानं सांगायला येऊ नये. लग्न होऊन या वाडीत आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि त्या गेल्यावर नवऱ्यानं ते काम इमानानं पुढं चालवलंय. पण याच तोंडानं मी अख्ख्या वाडीला आंब्याचा विमा काढायला लावला, हेही खरं. पुढं जे रामायण झालं त्याची सुरुवात तिथूनच.

आमची वाडी पेणजवळच्या हमरापूरला लागून. निम्मी घरं गणपती करतात, निम्म्यांची डोंगराच्या उतारावर आंब्याची कलमं. आमच्या घरात दोन्ही. माझी मोठी जाऊ इंदुबाई गणपतीचा कारखाना सांभाळते, मी आणि माझा नवरा केरू कलमं सांभाळतो. इंदुबाईचं जन्माचं वैर एकट्या पावसाशी. शाडूची कच्ची मूर्ती वाळेपर्यंत नुसती मातीच की. चार थेंब पडले की नाक गेलं, आठ पडले की सोंड. त्यामुळे आभाळाचा कोपरा जरा काळवंडला की ही बाई ताडपत्री घेऊन धावणार. तिच्या अंगणात जास्त वेळ उभं राहिलात तर तुम्हालाही झाकेल, अशी तिची ख्याती.

आंब्याला पूर्वी असं जपावं लागत नव्हतं. थंडी थंडीच्या वेळी पडायची, मोहोर यायचा, कैरी धरायची, आणि पाऊस जूनमध्ये शहाण्यासारखा यायचा. आता त्याला काय झालंय देव जाणे. डिसेंबरात घाम फुटतो. मोहोर दोनदा येतो नि दोनदा गळतो. कैरी बोराएवढी झाली की भर मार्चमध्ये पाऊस न बोलावता हजर. मी आभाळाकडं बघून ज्या शिव्या दिल्यात त्या इथं सांगता येणार नाहीत.

अशात विमा कंपनीचा माणूस आला, नोमान नावाचा. रोह्याशेजारच्या वरसे गावचा पोरगा, बोलायला गोड, चपला दाराबाहेर काढून आत येणारा. शाळेच्या पडवीत त्यानं आम्हाला सगळं समजावलं.

"मावशी, कंपनी झाड बघायला येत नाही," तो म्हणाला. "कंपनी पाऊस बघते. तुमच्या पंचायतीच्या मोकळ्या जागेत ते यंत्र उभं केलंय ना, खांब, वरती नरसाळं? अवकाळी पाऊस झाला की तो नरसाळ्यात पडणार, यंत्र मोजणार, आकडा आपोआप वरती जाणार. ठरलेल्यापेक्षा जास्त पडला की या भागातल्या सगळ्यांना भरपाई. कमी पडला तर कुणालाच नाही."

"आणि पाऊस पडला पण यंत्राला दिसलाच नाय तर?" मी विचारलं.

"यंत्राला दिसतोच, मावशी."

"आणि हप्ता का वाढवलात?"

"पूर्वी मार्चमध्ये पाऊस कधीतरी यायचा. आता एकाआड एक वर्ष येतो. हवा बदलली, कंपनीची जोखीम वाढली. जोखीम वाढली की हप्ता वाढतो. उद्या दरवर्षीच यायला लागला तर कंपन्या इकडं फिरकणारपण नाहीत."

"म्हणजे बिघडायचं आभाळानं आणि दंड भरायचा आम्ही?"

"आभाळाचं बँकेत खातं नाही ना, मावशी."

सगळे हसले. माझ्यावर हसले. पण पोराचं म्हणणं मला पटलं होतं. आणि मग मला जो चेव आला! दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर फिरून विमा गळ्यात मारायला लागले. लोक कुठं सरळ ऐकतात? रोह्याला कंपनीत शिफ्टला जाणारा सुजय, हा वाडीतला सगळ्यात शहाणा. तो देवळासमोर म्हणाला, "विमावाले घेताना गोड बोलतात नि देताना तोंड फिरवतात. बुडाले तर काय करशील गो काकी?"

"बुडाले तर माझ्या तोंडात शेण घाल!" मी म्हणाले.

"सगळ्यांनी ऐकलं हां," सुजय म्हणाला. ऐकलंच होतं. त्यानंतर वाडीनं विमा काढला, आणि माझी अब्रू त्या खांबावरच्या नरसाळ्याला टांगली गेली.

यंत्र होतं इंदुबाईच्या कारखान्याला अगदी खेटून. नोमाननं जाताना तिला सांगितलं होतं, "मावशी, तुम्ही दिवसभर इथंच असता. जरा लक्ष ठेवा. ढोरं अंग घासतात, पोरं दगड मारतात. काही होऊ देऊ नका त्याला."

"माझ्या पोटच्या पोरासारखं बघीन," इंदुबाई म्हणाली. माझं नशीब असं, की या बाईनं दिलेला शब्द कधी मोडलेला नाही.

मार्चअखेरीस भर दुपारी धरमतर खाडीच्या बाजूनं आभाळ भरून आलं. आधी वारा सुटला, असा की केरूची टोपी शेजारच्या वाडीत गेली. मग पाऊस. आडवा, तिडवा, डोक्यावर दगड टाकल्यासारखा. आम्ही दोघं कलमांच्या राखणीला बांधलेल्या खोपीत उभे, आणि समोर कैऱ्यांचा नुसता सडा पडत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात आठवलं, अगो बाय, विमा! आणि मी हसायला लागले. मोठमोठ्यानं.

"डोक्यावर परिणाम झाला काय गो?" केरू घाबरून म्हणाला.

"पडू दे!" मी ओरडले. "अजून पड रे बाबा! नरसाळं भरून पड!"

पाऊस थांबला तशी मी चिखल तुडवत यंत्राकडं पळाले. नुसतं डोळे भरून बघायचं होतं त्याला. पोचले आणि जागच्या जागी खिळले. खांब दिसेना, नरसाळं दिसेना. वरपासून खालपर्यंत निळी कोरी ताडपत्री, सुतळीनं आवळून बांधलेली. शेजारी इंदुबाई, ओलीचिंब, कमरेवर हात ठेवून उभी. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू गणपती विसर्जनाला सुखरूप पोचवून आली.

"आलीस?" ती म्हणाली. "एक थेंब जाऊ दिला नाय बघ आत."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माझ्या!

"अगो वयनी," मी शेवटी म्हणाले, "ते पाऊस मोजायचं यंत्र हाय गो!"

"मग? मोजायचं म्हणून त्याला भिजवायचं? लाइटचा मीटर पेटीत ठेवतात ना? तो मोजत नाय काय?"

"त्याच्यात पाणी पडल्याबिगर त्याला कळणार कसं पाऊस आला ते?"

"एवढा आवाज होत होता. बहिरं हाय काय ते?"

मी डोक्याला हात लावून तिथंच चिखलात बसले. आणि बसल्यावर मला तिच्या मागचं अंगण दिसलं. सकाळी वाळायला मांडलेले गणपती होते तिथं. आता नुसते ढीग. एखाद्याचं पोट ओळखू येत होतं, एखाद्याचा पाट. उंदीर तर सगळेच वाहून गेले होते.

"वयनी, तुझे गणपती?"

"जुन्या ताडपत्रीला भोकं पडलीत. नवी एकच होती," ती म्हणाली. "माझे मला परत करता येतील. हे दुसऱ्याचं. त्या पोरानं भरवशानं सांगितलेलं."

आता या बाईवर ओरडायचं तरी कसं? तरी मी ओरडले, नाही असं नाही. पण मनासारखं ओरडता आलं नाही.

ताडपत्री सोडून आम्ही गुपचूप कारखान्यात नेली. मी केरूला म्हटलं, कुणाला बोलू नकोस. केरूच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. दिवस मावळायच्या आत वाडी इंदुबाईच्या अंगणात जमा. "करायला गेली गणपती नि झाला मारुती!" असं केरू स्वतःच सगळ्यांना सांगत होता, जशी काय त्याची भावजय नव्हेच. सुजयनं तर शेणाची पाटी आणून माझ्यासमोर ठेवली. "काकी, ताजं हाय," म्हणाला.

चार दिवसांनी आकडा आला. आमच्या यंत्राचा त्या दिवसाचा पाऊस शून्य. शेणाची पाटी होतीच, सुजय रोज नवी भरून ठेवत होता मेला.

मग मी पेणहून एसटी धरून रोह्याला गेले आणि नोमानसमोर हात आपटले. "तुझं यंत्र खोटं बोलतंय! माझ्या दारात गुडघाभर पाणी होतं." इंदुबाईचं नाव मात्र काढलं नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ. नोमान म्हणाला, "चौकशीला येतो, मावशी. यंत्र बिघडलेलं निघालं, किंवा त्या दिवशी ते बंद किंवा झाकलेलं होतं असं सिद्ध झालं, तर शेजारच्या केंद्राचा, म्हणजे तिथल्या यंत्राचा, आकडा धरायची सोय आहे."

मी उड्या मारतच घरी आले. म्हणजे खरं सांगितलं की काम झालं! सोपं होतं. पण आमच्या वाडीत सोपं काही असतं काय? चौकशी म्हटल्यावर सुजय म्हणाला, "सरकारी यंत्राला हात लावला की सरळ आत टाकतात. जामीनसुद्धा नाय." हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे, मोबाइलनंच सांगितलं असणार. झालं! जी वाडी चार दिवस इंदुबाईला शिव्या घालत होती तीच तिच्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली. एक म्हातारी तर रडायलाच लागली, "इंदीला आत घातली तर आमच्या गणपतीचं डोळं कोण आखणार?" वाडीतल्या प्रत्येक गणपतीचे डोळे इंदुबाईच आखते. तिनं आखलेला गणपती तुमच्याकडं बघतो, बाकीच्यांचे नुसते समोर बघतात.

सरपंच धनेश छाती पुढं काढून म्हणाला, "यंत्राला कुणी हात लावला नाय. सगळ्यांनी हेच सांगायचं."

"अरे पण मग भरपाई जाईल!" मी बोंबलले. "आणि मी ते शेण—"

"काकी," सुजय म्हणाला, "भरपाई गेली तर गेली. इंदुकाकूला आत नाय जाऊ द्यायची." आणि पहिल्यांदा मला त्या पोराच्या मुस्कटात मारावीशी वाटली नाही.

नोमान आला. हातात मोबाइल, पाठीवर पिशवी. त्यानं यंत्र उघडलं, तपासलं, पुसलं. "यंत्र ठणठणीत आहे," म्हणाला. "यावर कुणी काही झाकलं होतं काय?"

"नाय," वाडी एका सुरात म्हणाली. देवळात आरतीलासुद्धा आमचा असा सूर कधी जुळलेला नाही.

"मग पाऊस पडलाच नाही."

"पडला!" वाडी म्हणाली.

"मग नरसाळ्यात का नाही?"

इथं वाडीच्या अकलेला पूर आला. धनेश म्हणाला, वारा एवढा होता की पाऊस आडवा गेला, नरसाळ्याला वळसा घालून. केरू म्हणाला, एक कावळा दिवसभर वर पंख पसरून बसला होता, त्यानं स्वतः बघितलं. कुणी म्हणालं, आमच्याकडं पाऊस खालूनच आला, जमिनीतनं. नोमान शांतपणे ऐकत होता. मी कपाळ बडवत होते. सांगावं तर जाऊ जाते, न सांगावं तर वाडीची भरपाई जाते नि माझी अब्रू जाते. शेवटी तो म्हणाला, "ठीक. मग मी लिहितो, यंत्र चालू, उघडं, पाऊस शून्य. दावा बंद."

चहा इंदुबाईच्या कारखान्यात ठेवला होता, कारण तेच सगळ्यात जवळ. तिला आम्ही कोपऱ्यात बसवून बजावलं होतं, मान वर करायची नाही, तोंड उघडायचं नाही. ती आपली एका मूर्तीचं सोवळं रंगवत बसली होती. नोमान पाटावर टेकला, बशीत चहा ओतला आणि सहज म्हणाला,

"खरं सांगू? खांबाला सुतळीचा एक तुकडा अडकलेला दिसला मला. कुणीतरी काहीतरी बांधलं असणार. पण त्यानं काय फरक पडतो? ज्यानं बांधलं त्याला बांधता येत नसणार. अशा वाऱ्यात कुणाची गाठ टिकते? दोन मिनिटांत सुटली असेल ताडपत्री, उडाली असेल. एकदम कच्चं काम."

कोपऱ्यातला ब्रश थांबला.

"वयनी," मी हळूच म्हणाले, "रंगव तू."

"कच्चं काम?" इंदुबाई म्हणाली.

"असणारच, मावशी. गाठ मारायलाही शिकावं लागतं."

"अरे मुडद्या!" इंदुबाई उठली ती ब्रश हातात घेऊनच. "माझी गाठ सुटंल? माझी? या हातानं बांधलेली ताडपत्री आजवर कुठल्या वाऱ्याला सुटली नाय! तिच्याखाली झाकलेल्या एका गणपतीचं नाक भिजू दिलं नाय मी, नि तुझं ते नरसाळं भिजू देईन? थेंब गेला नव्हता आत, थेंब!"

केरूच्या हातातला कप कलंडला. नोमाननं चहाचा शेवटचा घोट घेतला, बशी खाली ठेवली, आणि म्हणाला, "बांधून दाखवाल?"

तो पोरगा मुद्दाम बोलला की तोंडून निघून गेलं, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलं की नुसता हसतो.

मग जी जत्रा भरली! नोमाननं मोबाइलवरनं यंत्र तपासणीवर टाकलं, म्हणजे आजचं पाणी पाऊस म्हणून वर जाणार नाही. इंदुबाईनं ताडपत्री चढवली. वरून एक मोड, बाजूनं दोन, सुतळी खांबाभोवती फिरवून दातानं ओढली. आता पाऊस हवा. सुजयनं मोहोरावर फवारायचा पंप आणला आणि गन रोखून उभा राहिला. केरू शिडीवर चढून बादल्या ओतायला तयार.

"आणि वारा?" नोमान म्हणाला. "त्या दिवशी वारा होता."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी सरपंच धनेश नि त्याचा भाऊ वारा झाले. दोन्ही बाजूंनी ताडपत्रीची टोकं धरून गदागदा हलवायला लागले. धनेशला अवघड गेलं नाही, निवडणुकीपासून तो नुसती हवाच करतोय. पंप सुटला, बादल्या सुटल्या, केरू शिडीवरून घसरून पावसाबरोबर खाली आला, सुजयनं नेम चुकवून सरपंचाला न्हाऊ घातलं, आणि मध्ये इंदुबाई उभी, "अजून मार! अजून मार!" म्हणत.

नोमाननं मोबाइल बघितला.

"शून्य," तो म्हणाला.

अशी आरोळी उठली की हमरापूरची माणसं बघायला आली. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. शून्य! शून्य! मग नोमाननं ताडपत्री सोडायला लावली, उघड्या नरसाळ्यात तांब्याभर पाणी ओतलं, तर यंत्रानं ते बरोबर मोजलं. म्हणजे यंत्र चांगलं आणि गाठ त्याहून चांगली.

"आणि सकाळपासून तुम्ही सगळे मला काय सांगत होतात?" नोमान म्हणाला.

"साहेब, अजून चहा घेणार ना?" ओलाकच्च धनेश म्हणाला.

इंदुबाईनं दोन्ही हात पुढं केले. "चल, ने मला. पण शाडू भिजत घातलाय तेवढा झाकून येते."

"तौबा मावशी, कुठं नेऊ?" नोमान म्हणाला. "मीच म्हणालो होतो, काही होऊ देऊ नका त्याला. चूक माझीच आहे. नीट सांगायला हवं होतं. मी लिहितो, त्या दिवशी केंद्र झाकलेलं होतं, आकडा धरता येत नाही. शेजारचं केंद्र रोह्याकडचं. तिथं पडला असेल तर तुम्हाला मिळेल."

हे ऐकून वाडीचं तोंड पुन्हा उतरलं. कारण हल्लीचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, बैलाच्या एका शिंगावर पडतो नि दुसरं कोरडं राहतं. पूर्वी पाऊस आला म्हणजे पेण-रोहा-अलिबाग सगळीकडं यायचा. आता गल्ली बघून येतो. सगळे रोह्यातल्या पाहुण्यांना फोन लावायला लागले. माझी लेक अपेक्षा नोमानच्याच गावात, वरशाला दिली आहे. ती म्हणाली, "आई, माझे पापड गच्चीवर भिजून लगदा झाले, मी रडले त्या दिवशी." मला इतका आनंद झाला की मी तिला म्हणाले, "देव तुझं भलं करो!" ती रागानं फोन ठेवून मोकळी झाली. नोमानच्या आईनं मात्र सांगितलं, आमच्या दारात थेंब नाही, कपडे खडखडीत वाळले. एकाच गावात, दोन आळ्या सोडून.

दीड महिना मी नीट झोपले नाही. रोह्याकडचं यंत्र कुठल्या आळीच्या बाजूला आहे हेच कुणाला सांगता येईना.

मेच्या मध्यावर एका दुपारी नोमान एसटीनं आला, अंगणात उभा राहून म्हणाला, "सरूमावशी, रोह्याच्या यंत्रात पडला. तुमची भरपाई मंजूर." मी तिथंच फुगडी घातली, एकटीनं. सुजयनं शेणाची पाटी उचलली आणि निमूट उकिरड्यावर नेऊन टाकली. बघता बघता वाडी इंदुबाईच्या अंगणात गोळा झाली. कुणी पेढे आणले, कुणी सरबत केलं. कुणाची किती कलमं, कुणाला किती येणार, पुढच्या वर्षी कोण कोण विमा काढणार, एकच गलका. इंदुबाईसुद्धा खुश होती. सगळ्यांना पेले भरून पाणी देत होती.

मग तिनं नोमानला विचारलं, "आणि माझ्या गणपतींचं काय झालं रे?"

"कसले गणपती, मावशी?"

"त्या दिवशी भिजले ते. ताडपत्री यंत्राला गेली ना."

नोमान माझ्याकडं बघायला लागला. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. "मावशी, मूर्त्यांचा... या योजनेत मूर्त्या येत नाहीत. फळंच येतात."

"पण पाऊस तोच ना?"

"तोच."

"यंत्रात पडला तोच माझ्या गणपतींवर पडला?"

"हो, मावशी."

"मग अर्धाच मोजलात की रे," इंदुबाई म्हणाली.

रागानं नाही म्हणाली. चूल विझलीय की नाही बघावं तसं साधं म्हणाली, आणि रिकामे पेले उचलून आत गेली.

पेढा माझ्या तोंडात तसाच. मला सरळ रडू आलं. दीड महिना आम्ही सगळे आपापल्या कैऱ्या मोजत होतो. त्या अंगणातनं शंभर वेळा गेलो असू. तिथं काय विरघळलं होतं हे एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. नव्या गणपतीचे डोळे मात्र सगळ्यांना तिच्याकडूनच हवे होते.

मग मला राग आला. कुणाचा ते माहीत नाही, बहुतेक सगळ्यांचाच.

"बघताय काय मेल्यांनो?" मी ओरडले. "हात धुवा नि बसा!"

मी पदर खोचला, शाडूच्या पिंपाशी गेले आणि माती मळायला लागले. आयुष्यात कधी मळली नव्हती. माझ्यामागून सुजय बसला. मग केरू. मग धनेशनं पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. साचे निघाले, पाट निघाले, कुणाला काही येत नव्हतं आणि सगळे एकमेकांना शिकवत होते. आवाज ऐकून इंदुबाई बाहेर आली. माझ्या हातातला गोळा बघून तिनं कपाळाला हात लावला.

"किती पाणी घातलंस गो! हा गणपती हाय का घावन?"

"तू दाखव मग," मी म्हणाले.

"सरक," ती म्हणाली, आणि डोळे पुसून माझ्याशेजारी बसली. बसल्या बसल्या तिनं सगळ्यांना कामाला लावलं, धनेशला पाणी आणायला, सुजयला साच्यात माती दाबायला. नोमान पिशवी खांद्याला लावून निघायच्या बेतात होता. तिनं त्याच्या हातात चाळण दिली आणि कोरड्या शाडूचं पोतं दाखवलं. त्यानं चपला काढल्या, पिशवी खुंटीला टांगली आणि खाली बसला. रोह्याची शेवटची एसटी निघून जाईपर्यंत तो चाळत होता.